जांभळाचा रस तपकिरी का पडतो? साठवणीत काय टिकतं आणि काय जातं

अंबाजोगाईकडच्या एका बचत गटातल्या ताईंचा प्रश्न आहे. गेल्या जूनमध्ये त्यांनी जांभळाचा रस काढला, उकळून काचेच्या बाटल्यांत भरला, टिकावा म्हणून बेन्झोएट हे परिरक्षकही घातलं. दिवाळीपर्यंत रंग उतरला आणि आता मेमध्ये उरलेल्या बाटल्या पार विटकरी-तपकिरी दिसतायत. झाकणं फुगलेली नाहीत, वास ठीक आहे. त्या विचारतात, यातलं पोषण गेलं का? हा माल विकावा का? यंदा काचेऐवजी प्लास्टिक घ्यावं का? गर डीप फ्रीझरमध्ये ठेवला तर चालेल का? आणि ताजं फळ तरी किती दिवस राहतं?

ताई, आधी थोडक्यात सांगतो. रस नासलेला नाही, पण ज्या गोष्टीसाठी लोक जांभूळ विकत घेतात तिचा मोठा भाग त्यातून गेला आहे. त्याला तुमची कृती फारशी जबाबदार नाही. जबाबदार आहे ती बाटल्या ठेवलेली खोली. फळप्रक्रियेच्या कामात मी बरीच वर्षं आहे आणि मराठवाड्यातल्या लहान उद्योगांत हेच पुनःपुन्हा बघतो. रस काढताना जीव ओतून काळजी घेतात, मशीन चांगलं आणतात आणि मग भरलेला माल पत्र्याच्या शेडमध्ये रचून ठेवतात.

जांभळात आहे काय, ते आधी नीट बघू. अनेकांना वाटतं की फळ म्हणजे क जीवनसत्त्व. जांभळात ते १०० ग्रॅमला १८ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. पेरूत २०० च्या वर असतं. म्हणजे क जीवनसत्त्वासाठी कुणी जांभूळ खाऊ नये. जांभळाची श्रीमंती सालीत आणि सालीलगतच्या गरात आहे. जांभळा रंग देणारी अँथोसायनिन्स आणि जीभ ओढून धरणारी टॅनिन्स हे त्याचं भांडवल. पोटॅशियमसारखी खनिजं आहेत, ती साठवणीत कुठेही जात नाहीत. बाटली दोन वर्षं उन्हात ठेवली तरी खनिज तेवढंच राहतं. तंतू मात्र साठवणीआधीच चोथ्यात गेलेले असतात. तेव्हा तुमच्या प्रश्नाचा खरा अर्थ असा होतो, की अँथोसायनिन्स किती उरली?

ही द्रव्यं नाजूक असतात. आंबट रसात ती लालसर-जांभळी आणि त्यातल्या त्यात स्थिर राहतात. आंबटपणा कमी झाला की फिकी पडतात, अस्थिर होतात. वेळ जाईल तशी ती दोन वाटांनी जातात. काही रेणू तुटतात आणि रंगहीन होतात. बाकीचे टॅनिनशी आणि एकमेकांशी जुळून मोठे, विटकरी रंगाचे गुंते तयार करतात. बाटलीच्या तळाशी जो गाळ बसतो त्यात हेच गुंते असतात. गाळ दिसला म्हणजे माल कुजला असं समजू नका. या विटकरी गुंत्यांतही थोडाफार प्रतिऑक्सिडीकारक (अँटिऑक्सिडंट) गुण राहतो. त्यामुळे प्रयोगशाळेत एकूण पॉलिफेनॉल (अँथोसायनिन आणि टॅनिन दोन्ही ज्यात मोडतात तो द्रव्यांचा गट) मोजले तर आकडा फारसा घसरलेला दिसत नाही, पण मूळ अँथोसायनिन मोजलं तर ते कोसळलेलं असतं. एखादा विक्रेता 'आमच्या रसात वर्षभर अँटिऑक्सिडंट टिकतं' म्हणतो तेव्हा तो यातला सोयीचा आकडा सांगत असतो. खोटं बोलत नसतो, पण पूर्णही सांगत नसतो.

परदेशात ब्लूबेरीच्या रसावर याची तपासणी झाली आहे. व्यवस्थित पाश्चरीकरण केलेला रस २५ अंश सेल्सिअसला सहा महिने ठेवला, तर मूळ अँथोसायनिनचा निम्म्याहून बराच अधिक भाग गेलेला आढळतो. जांभळाची अँथोसायनिन्स रचनेनं थोडी वेगळी आहेत, काही बाबतींत जास्त टिकाऊ आहेत, पण दिशा तीच. आता त्या २५ अंशांकडे नीट बघा. पुस्तकात 'खोलीचं तापमान' म्हणतात ते हे. परभणी, बीड, लातूर, नांदेडला एप्रिल-मेमध्ये पारा ४० ते ४३ वर असतो आणि पत्र्याखालच्या खोलीत दुपारी त्याहून जास्त. तापमान १० अंशांनी वाढलं की अशा रासायनिक बदलांचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. दुप्पटच धरला, तरी २५ अंशांना सहा महिन्यांत होणारी झीज ३५ ला तीन महिन्यांत होते आणि ४५ ला दीड महिन्यात. लेबलवर 'थंड व कोरड्या जागी ठेवा' छापून आपण मोकळे होतो. कोरडी जागा आपल्याकडे भरपूर आहे, थंड जागा मार्च ते जून शोधून सापडत नाही.

म्हणून पहिली खरेदी थर्मामीटरची करा. दिवसातलं कमाल आणि किमान दोन्ही दाखवणारा साधा डिजिटल मिळतो, महाग नसतो. आठवडाभर वेगवेगळ्या जागी ठेवून बघा. पत्र्याखालच्या माळ्यावर, जमिनीलगत, पश्चिमेच्या भिंतीशी, आतल्या खोलीत. माळ्यावरचा आणि जमिनीवरचा फरक बघून तुम्ही त्याच दिवशी माल खाली उतरवाल. गावात कुणाचा जुना माळवदाचा वाडा असेल आणि मधली खोली वापरात नसेल, तर ती भाड्यानं मागा. जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद, त्यामुळे आत दुपारचा चटका पोचत नाही. दिवसरात्रीच्या सरासरीजवळ तापमान स्थिर राहतं. मेमध्ये तिथेही ३० च्या वरच असेल, पण पत्र्याखालच्या दुपारपेक्षा तो फार मोठा फायदा आहे. तळघर असेल तर उत्तम, फक्त पावसाळ्यात ओल येते का ते बघा. ओलीनं रसाचं काही बिघडत नाही, पण झाकणं गंजतात आणि लेबलं सुटतात.

याच्याच पोटात एक गोष्ट येते, तिच्याकडे जवळजवळ कुणी लक्ष देत नाही. गरम रस भरल्यानंतरची पहिली रात्र. ८५ अंशांना भरलेल्या बाटल्या झाकणं लावून तशाच खोक्यांत घालतात आणि खोक्यांवर खोकी रचतात. मधल्या खोक्यातल्या बाटल्या सकाळपर्यंत कढत राहतात. एका रात्रीत रंगाचं जेवढं नुकसान होतं, तेवढं गार खोलीत कित्येक आठवड्यांत होत नाही. वर शिजल्याची चव येते ती वेगळी. भरल्यावर झाकण निर्जंतुक व्हावं म्हणून बाटली दोन-तीन मिनिटं आडवी किंवा उलटी ठेवा, मग लगेच थंड करा. काच एकदम गार पाण्यात घातली तर तडकते, म्हणून आधी कढत-कोमट पाण्याचं टब, मग कोमट, मग साधं पाणी. पाण्याची टंचाई असेल तर तेच पाणी फिरवून वापरता येतं, फक्त ते स्वच्छ हवं आणि झाकणं घट्ट हवीत. बाटली हाताला जेमतेम कोमट लागली की बाहेर काढून पुसा आणि वाऱ्याला मोकळी ठेवा. पूर्ण गार झाल्यावरच खोकं.

तापमानानंतर नंबर हवेचा. यात हिशेब करण्यासारखा आहे. १ मिलिलिटर हवेत जेवढा प्राणवायू असतो, तो साधारण ३ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व संपवू शकतो. २०० मिलिलिटरच्या बाटलीत गार रस भरला आणि वर १० मिलिलिटर हवा राहिली, तर ३० मिलिग्रॅमचा निकाल लागला. जांभळाच्या तेवढ्या रसात मुळात एवढंच काय ते असतं! कढत रस वरपर्यंत, बोटभरापेक्षा कमी जागा सोडून भरला, तर वरच्या जागेत वाफ असते, हवा नाही. गार झाल्यावर तिथे निर्वात पोकळी राहते आणि झाकण आत ओढलं जातं. रस मिक्सरमध्ये फिरवून फेस आलेला असताना भरू नका. फेस म्हणजे हवाच. आधी मंद आचेवर फेस बसू द्या, काढून टाका, मग भरा.

इथेच प्लास्टिकचं उत्तर येतं. साध्या पेट बाटल्या ७० अंशांपुढे मऊ पडतात, वाकड्या होतात. म्हणून लोक रस थोडा निवू देऊन भरतात आणि तिथेच निर्जंतुकतेचा आणि हवेचा दोन्ही घोळ होतो. गरम भरणीसाठीच्या खास पेट बाटल्या मिळतात, त्या वेगळ्या. शिवाय पेटमधून प्राणवायू हळूहळू आत झिरपत राहतो आणि बाटली जितकी लहान तितका रसाच्या मानानं तो जास्त. महिन्या-दीड महिन्यात खपणारा, फ्रीजमधून विकला जाणारा माल असेल तर पेट चालेल. चार-सहा महिने ठेवायचा असेल तर काच. वाहतुकीत फुटते, जड असते, मान्य. तरी काच.

उजेडही रंग खातो. उन्हात तर फार. दुकानदार बाटल्या दर्शनी मांडतो, दुपारचं ऊन थेट त्यावर येतं, आणि महिन्याभरात पुढची रांग फिकी आणि मागची गडद दिसते. खोक्यातून काढलेल्या चार बाटल्या मांडा, बाकी आत ठेवा, एवढं त्याला सांगता येईल.

भांड्यांबद्दल: लोखंडी कढई आणि कल्हई उडालेलं तांब्या-पितळेचं पातेलं या रसाच्या आसपासही नको. लोखंडानं रंग काळपट-निळसर होतो, तांबं क जीवनसत्त्वाच्या नाशाला वेग देतं. ॲल्युमिनियमवर आम्ल काम करतं. स्टील वापरा, चाळणी आणि डावसुद्धा स्टीलचा.

आता आवळ्याचं. मराठवाड्यातल्या बऱ्याच गटांनी 'जांभूळ-आवळा' असा मिश्र रस काढला आहे. कल्पना चांगली वाटते. एकाचं क जीवनसत्त्व, दुसऱ्याचा रंग. साठवणीच्या दृष्टीनं मात्र ही जोडी एकमेकांच्या मुळावर उठते. हवेच्या सान्निध्यात क जीवनसत्त्वाचं ऑक्सिडीकरण होताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि ते अँथोसायनिन मोडतं. शेवटी दोन्ही जातात आणि रस एकट्या जांभळापेक्षा लवकर तपकिरी होतो. ताजा प्यायला हे मिश्रण उत्तम आहे, बाटलीसाठी नको. आणि 'जीवनसत्त्वयुक्त' लिहायला मिळावं म्हणून बाजारातलं ॲस्कॉर्बिक आम्ल घालण्याचा सल्ला कुणी देत असेल तर तो बेन्झोएट असलेल्या रसात अजिबात पाळू नका. या दोघांपासून उष्णता आणि उजेडात अल्प प्रमाणात बेन्झीन तयार होऊ शकतं, आणि ते आरोग्याला घातक आहे.

बेन्झोएट निवडलंत ते बरोबर केलंत. मोसंबीच्या रसाला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालतात, कारण ते क जीवनसत्त्व राखतं आणि तपकिरीपणा रोखतं. त्याच्या सल्फाइटनं जांभूळ, करवंद, काळी द्राक्षं यांचा रंग विरंजित होतो. जालन्याकडे मोसंबीचा रस करणाऱ्यांनी त्याच हातानं जांभळात मेटाबायसल्फाइट घातलं आणि रस गुलाबी-फिका झाला, असं होतं. बेन्झोएट आंबट रसातच नीट काम करतं, म्हणून पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका रस आंबट) चारच्या बराच खाली हवा. गरज पडली तर थोडं सायट्रिक आम्ल घाला. त्यानं रंगही खुलतो. बेन्झोएट नियमातल्या मर्यादेत, वजन करून, थोड्या कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून मगच मिसळा. चमच्यानं अंदाज करू नका.

रंगावरून घरच्या घरी अंदाज घेण्याची एक सोपी तपासणी आहे. पांढऱ्या कपात एक चमचा रस घ्या, पाण्यानं पातळ करा, असे दोन कप करा. एकात लिंबू पिळा, दुसऱ्यात चिमूटभर खायचा सोडा टाका. मूळ अँथोसायनिन शाबूत असेल तर लिंबानं रंग झळझळीत लाल होईल आणि सोड्यानं निळसर-हिरवट. ते संपलं असेल तर लिंबानं विशेष फरक पडणार नाही आणि सोड्यानं नुसता गढूळ तपकिरी होईल. प्रयोगशाळेत अँथोसायनिन मोजण्याची पद्धतही याच तत्त्वावर चालते. दोन वेगवेगळ्या पीएचला रंग किती बदलतो ते यंत्रानं मोजतात. तुम्हाला आकडा मिळणार नाही, पण दोन बॅचमधला फरक नक्की कळेल. आकडा हवा असेल तर परभणीला कृषी विद्यापीठाचं अन्नतंत्र महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करा.

यंदा भरलेल्या प्रत्येक बॅचमधल्या काही बाटल्या तीन ठिकाणी ठेवा: फ्रीजमध्ये, तुमच्या साठवणीच्या खोलीत आणि मुद्दाम पत्र्याखाली. महिन्याला एकेक उघडून रंग, चव आणि ही सोड्याची तपासणी वहीत लिहा. लेबलवर किती महिन्यांची मुदत छापायची हे दुसऱ्याची बाटली बघून ठरवू नका, त्या वहीवरून ठरवा. बहुतेक गट शेजारच्या ब्रँडचे बारा महिने उचलतात. तो ब्रँड वातानुकूलित गोदामात माल ठेवतो हे त्यांना माहीत नसतं.

फळाकडे येऊ. जांभूळ झाडावरून उतरल्यावर पिकत नाही, नुसतं नासत जातं. द्राक्ष आणि स्ट्रॉबेरीचंही तसंच. म्हणून काढतानाच पूर्ण काळं हवं. फांद्या झोडून खाली पाडलेलं फळ ठेचतं, आणि ठेचलेल्या जागी फळातलंच एन्झाइम हवेशी मिळून रंग खायला लागतं. झाडाखाली जाळी किंवा जुनी साडी चौघांनी ताणून धरा, किंवा शिडीनं घोस तोडा. पहाटे काढा. कॅरेटमध्ये चार बोटांपेक्षा उंच थर नको, खालचं फळ वरच्याच्या भारानं फुटतं. उन्हात उभ्या टेम्पोत दोन तास गेले तर सावलीतला अख्खा दिवस गेला असं समजा. साध्या सावलीत चांगलं फळ एक-दोन दिवस राहतं. आठ-दहा अंशांना, छिद्रं असलेल्या पिशवीत, दोन आठवड्यांच्या आसपास राहू शकतं, पण काढल्यापासून काही तासांत थंड केलं असेल तरच. धुवायचं ते वापरताना. धुऊन ओलं ठेवलेलं फळ दुसऱ्या दिवशी बुरशी धरतं. बुरशीचं एखादं फळ दिसलं तर ते आणि त्याला चिकटलेली टाकून द्या. 'रसात चालतं' हा हिशेब करू नका. बुरशीची काही विषं उकळल्यानंही जात नाहीत.

जालना जिल्ह्यातल्या कडवंचीसारख्या द्राक्षगावांत निर्यातीचा माल सकाळी तोडून काही तासांत प्रीकूलिंगला जातो, चार अंशांच्या खाली आणतात आणि मग शून्याच्या आसपास, ९० टक्क्यांवर आर्द्रतेत ठेवतात. जांभळाला कुणी एवढी किंमत देत नाही म्हणून कुणी तेवढं करत नाही. पण तत्त्व तेच आहे, पहिल्या तीन-चार तासांत फळातली उष्णता काढायची.

शून्य ऊर्जा शीतकक्षाबद्दल अनेक जण विचारतात. विटांच्या दोन भिंती, मधे वाळू, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी, वर गवताचं किंवा गोणपाटाचं झाकण. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं तो रूढ केला. कोरड्या उन्हाळ्यात तो बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंश थंड राहतो आणि आत ओलावाही टिकतो. आपल्याकडे मार्च ते मेमध्ये तो फार छान चालतो, द्राक्षाला आणि करवंदाला उपयोगी. अडचण जांभळाची आहे. जांभूळ येतं मृगाच्या पावसाबरोबर. हवा दमट झाली की पाणी उडत नाही आणि कक्ष दोन-चार अंशांपलीकडे गार होत नाही. पाऊस लांबला तर फायदा, वेळेवर आला तर नाही. फक्त जांभळासाठी बांधणार असाल तर नका बांधू.

तुमच्या सगळ्या प्रश्नांत मला सगळ्यात आवडला तो डीप फ्रीझरचा. माझं स्पष्ट मत आहे की तुमच्या आकाराच्या गटानं जूनमध्ये सगळा रस बाटलीत भरूच नये. जूनमध्ये गर काढून गोठवा आणि मागणीप्रमाणे महिन्या-दोन महिन्यांचा रस करत राहा. उणे १८ अंशांना अँथोसायनिन वर्षभर फार चांगलं टिकतं, क जीवनसत्त्वही बऱ्यापैकी. बाटलीतल्या सहा महिन्यांशी त्याची तुलनाच नाही. विजेचं बिल येईल, पण तपकिरी होऊन उरलेल्या बाटल्यांची किंमत मांडून बघा.

गर काढताना बी वेगळी केल्यावर सालीसकट गर ६५ ते ७० अंशांपर्यंत काही मिनिटं गरम करा. सालीतला रंग रसात उतरतो. गार दाबून काढलेल्या रसात अर्धा रंग चोथ्यातच राहतो, आणि जो बाटलीत आलाच नाही तो साठवणीनं कसा टिकेल? मग तो पुढे ८५-९० अंशांपर्यंत मिनिटभर नेलात की रंग खाणारं एन्झाइमही थंड पडतं. ही पायरी गाळू नका, कारण गोठवल्यानं एन्झाइम मरत नाही, नुसतं झोपतं. गर वितळताना ते जागं होतं आणि वितळलेला गर दोन तासांत काळपट पडतो. गार करून एक किलोच्या जाड पिशव्यांत, हवा दाबून काढून, सपाट भरा. सपाट पिशवी लवकर गोठते आणि नीट रचता येते. तारीख लिहा. एकाच दिवशी फ्रीझर ठासून भरू नका. १०० लिटरच्या फ्रीझरला दिवसाला तीन ते पाच किलोच नवीन माल द्या, नाहीतर मधल्या पिशव्या दोन दिवस कोमट बसतात आणि आंबायला लागतात.

लाइट जाण्याची भीती सगळ्यांना असते. पूर्ण भरलेला आणि न उघडलेला फ्रीझर दीड-दोन दिवस थंडी धरतो असं सांगतात. आपल्या मेमध्ये मी एक दिवस धरतो, अर्धा रिकामा असेल तर त्याच्या निम्मा. रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरा. वाटीत पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवा. चार दिवसांनी परत आलात आणि नाणं बर्फाच्या आत बुडालेलं दिसलं, तर मधे सगळं वितळून परत गोठलं आहे. तो गर लगेच रसासाठी काढा, वास बघा, आंबूस असेल तर सोडून द्या.

ताजा रस वीस मिनिटांत प्याला नाही तर जीवनसत्त्वं उडून जातात, असा निरोप मोबाइलवर फिरतो. आंबट फळाच्या रसात तसं होत नाही. मोसंबीचा रस झाकून फ्रीजमध्ये ठेवला तर दिवसभरात क जीवनसत्त्वाची घट अगदी किरकोळ असते. सकाळी काढून डब्याबरोबर दिला तरी चालतं. त्याहून मोठा प्रश्न जंतूंचा आहे, म्हणजे हात, मिक्सर आणि बर्फ स्वच्छ आहे का. उघडलेली बाटली मात्र फ्रीजमध्ये, आत मागच्या बाजूला ठेवा, दारात नको, आणि चार-पाच दिवसांत संपवा.

विकण्याबद्दल एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो. तुमच्या लेबलच्या फोटोत 'मधुमेहींसाठी उपयुक्त' असं आहे आणि खाली घटकांत साखर दुसऱ्या क्रमांकावर. रोग बरा होतो किंवा त्यावर उपयोगी आहे असा दावा अन्नाच्या लेबलवर कायद्यानं चालत नाही आणि साखर घातलेला रस मधुमेहींना 'औषध' म्हणून देणं धोक्याचंही आहे. ती ओळ काढा. बिनसाखरेचा गोठवलेला गर विकलात तर घेणाऱ्याला निदान आपण काय घेतोय हे कळेल.

उरलेल्या बाटल्यांचं. छापलेली मुदत संपली असेल तर विकू नका, रंग कसाही असो. मुदत शिल्लक असेल, झाकण आत ओढलेलं असेल, उघडताना फस्स आवाज येऊन फेस येत नसेल, आत दोरे किंवा जाळी दिसत नसेल, तर पिण्यात धोका नाही. तरीही मी तो माल 'जांभूळ रस' म्हणून पूर्ण किमतीला विकणार नाही. गटातल्या घरांत वाटून टाका, सरबतात वापरा. व्हिनेगर करायचा विचार असेल तर तोही सोडा, बेन्झोएट असलेल्या रसात यीस्ट नीट धरत नाही. येत्या मोसमात व्हिनेगर करायचंच असेल, तर त्यासाठीचा रस बेन्झोएट घालण्याआधीच बाजूला काढा.